माद्रुगादाच्या गावाला, आगगाडीने आणि आगबोटीने

दिवस पहिला : ओस्लो

नॉर्वेतल्या कुठल्याही बँडबद्दल कुणी लिहायला बसलं, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात हिवाळा येतोच. सहा-सहा महिने अंधार (हे खरं नाही, पण लिहितात), बर्फ, एकटेपणा, आणि म्हणून हे उदास संगीत. माद्रुगादाच्या वाट्याला तर हे जरा जास्तच आलं. गायकाचा आवाज खर्जातला, गिटार लांबून घुमत येणारी आणि बँडचं गाव थेट उत्तर ध्रुववृत्ताच्या वर. सगळं कसं जुळून आलेलं. मला हे कधीच पटलं नाही. आमच्या दादाला मात्र शंभर टक्के पटतं. तो ओस्लोत नोकरी करतो आणि तिथले हिवाळे काढल्याचा त्याला अभिमान आहे. “तू पुण्यात बसून काय बोलतेस? नोव्हेंबरात इथे एकदा राहून बघ, मग सांग.”

नोव्हेंबर काही जमला नाही, ऑक्टोबरचा शेवट जमला. ठरवलं असं, की ओस्लोहून निघायचं आणि बँडच्या गावाला, म्हणजे वेस्टेरोलेन बेटांवरच्या स्तोकमार्कनेसला जायचं. विमानाने गेलं तर सकाळी निघून दुपारी पोचता येतं, पण मला सावकाश जायचं होतं. ही मुलं नव्वदीच्या दशकात त्या गावातून निघून राजधानीत आली. आपण तोच रस्ता उलटा जाऊ, असं मी म्हटलं. वहिनी म्हणाली, “तुम्ही बहीणभाऊ जा. मला बोट लागते.” आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा हातात ठेवला.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गायक सिवर्ट हॉयेम, गिटारवर रॉबर्ट बुरोस, बासवर फ्रुदे याकोब्सेन आणि ड्रमवर यून लाउवलांड पेटरसन. गावात असताना बँडचं नाव होतं ‘अ‍ॅबीज अ‍ॅडॉप्शन’. ओस्लोला आल्यावर ओयस्टाइन विंगॉर्ड वोल्फ या कवी-लेखकाने ‘माद्रुगादा’ हा शब्द सुचवला. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये उजाडण्याआधीच्या वेळेला तसं म्हणतात. १९९९ मध्ये ‘इंडस्ट्रियल सायलेन्स’ हा पहिला पूर्ण अल्बम आला आणि नॉर्वेत ही मंडळी एकदम मोठी झाली.

सकाळी दादा मला टोरगाटा रस्त्यावर रॉकफेलर दाखवायला घेऊन गेला. ओस्लोत मैफल करायची तर ही जागा चुकत नाही. मूळची ही सार्वजनिक स्नानगृहाची इमारत आणि रॉकफेलर १९८६ मध्ये इथे सुरू झालं. जिथे लोक पोहायचे, तिथे आता लोक उभं राहून गाणी ऐकतात. आम्ही गेलो तेव्हा मागच्या दाराशी एक ट्रक लागला होता आणि काळ्या टी-शर्टातले दोघे चाकांच्या पेट्या उतरवत होते. पेट्यांवर आधीच्या दौऱ्यांची लेबलं एकावर एक चिकटवलेली, खालची अर्धवट खरवडलेली. एकाने पेटी उतारावरून सोडली, दुसऱ्याने पायाने अडवली. कुणाचा कार्यक्रम होता कोण जाणे. रॉक म्हणजे रात्रीचे दोन तास आणि दिवसभर ही हमाली, हे मात्र बघून घ्यावं.

दुपारी स्टेशनजवळच्या ओस्लो स्पेक्ट्रुमवरून गेलो. बाहेरून मला ती इमारत विटांची वखार वाटली. माद्रुगादाने १५ नोव्हेंबर २००८ ला इथे आपला शेवटचा कार्यक्रम केला. निदान तेव्हा तरी सगळे त्याला शेवटचाच समजत होते. तो का शेवटचा होता ते पुढे येईल. दादा म्हणाला, तिकिटं काढायची राहून गेली होती. बोलून तो रस्त्याच्या पलीकडे बघायला लागला, म्हणून मी विषय वाढवला नाही.

रात्री जेवताना वाद सुरू झालाच. माझं म्हणणं साधं आहे. ‘इंडस्ट्रियल सायलेन्स’ नीट ऐका. त्यात बर्फ नाही. त्यात अमेरिकेतला लांबच लांब हायवे आहे, ब्लूज आहे, तारेवर घसरणारी स्लाइड गिटार आहे. ‘टेराप्लेन’ नावाचं गाणं आहे, आणि टेराप्लेन ही जुनी अमेरिकन मोटार. या मुलांनी आपल्या गावाचं हवामान वाजवलंच नाही. त्यांनी वाजवल्या त्या दुसऱ्यांच्या रेकॉर्डी, खोलीत बसून, पुन्हा पुन्हा ऐकून अंगात मुरवलेल्या. दादा म्हणाला, खोलीत बसले होते कारण बाहेर अंधार होता. वहिनीने ताटं उचलली.

दिवस दुसरा : ओस्लो ते त्रोन्हेम, आणि पुढे रात्रीची गाडी

सकाळची गाडी. दोव्रे मार्गाने त्रोन्हेमला जायला साधारण सात तास लागतात. पहिला बराच वेळ म्योसा सरोवर खिडकीला चिकटून असतं. नॉर्वेतलं हे सर्वांत मोठं सरोवर. मग लिलेहामर, मग गुडब्रान्सडालची लांब दरी आणि दोम्बोसनंतर गाडी पठारावर चढते. झाडं खुजी होत होत संपतात. खाली पिवळीधमक शरदऋतूची पानं आणि वर तासाभरात पांढरं. पुऱ्या दोम्बोसच्या आधीच संपल्या.

त्रोन्हेमला उतरलो ते रॉकहाइमसाठी. हे नॉर्वेच्या लोकप्रिय संगीताचं राष्ट्रीय संग्रहालय, २०१० मध्ये उघडलेलं. बंदराजवळची जुनी गोदामाची इमारत आहे आणि तिच्या डोक्यावर एक मोठी चौकोनी पेटी बाहेर काढून बसवली आहे. अंधार पडला की त्या पेटीवर दिव्यांची चित्रं हलतात. आत पन्नाशीच्या दशकापासून एकेक दशकाच्या खोल्या आहेत. दादाला गिटारी दिसल्या आणि तो हरवला, म्हणून मला निवांत बघता आलं.

इथे एक गोष्ट डोळ्यांसमोर स्पष्ट झाली. ऐंशीच्या दशकात नॉर्वेतल्या रॉकने मातृभाषा धरली होती. योक्के अँड व्हालेंतिनर्ने, रागा रॉकर्स, डेलिलोस आणि दमदम बॉइज या चार बँडना तिकडे ‘चार थोर’ म्हणतात आणि चौघेही नॉर्वेजियनमध्ये गात. दमदम बॉइज या त्रोन्हेमचेच. त्यांच्यामागून आलेल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी पुन्हा इंग्रजी उचललं. याच शहरात १९८९ मध्ये निघालेला मोटरसायको हा बँड त्यातला अग्रणी. अल्बममागून अल्बम, तेही कधी दुहेरी. लोक त्यांच्या मागे वारकऱ्यांसारखे फिरतात. माद्रुगादा इंग्रजीतच गायले. मोटरसायकोनंतर दहा-बारा वर्षांनी आलेल्या कायझर्स ऑर्केस्ट्राने मात्र आपल्या ब्रीनेच्या गावठी बोलीत गाऊन, तेलाचे पिंप बडवून, युरोपभर दौरे केले. म्हणजे इंग्रजीशिवाय बाहेर जाता येत नाही हा समजही काही खरा नव्हता.

दुसरी गोष्ट फार नीरस आहे, पण मला महत्त्वाची वाटते. १९९३ मध्ये नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीने तरुणांसाठी ‘पेत्रे’ ही वेगळी वाहिनी सुरू केली. म्हणजे राजधानीत जे वाजतं ते बेटावरच्या पोरालाही त्याच दिवशी ऐकू येऊ लागलं. पुढे कायद्यानेच प्रत्येक नगरपालिकेला मुलांसाठी संगीत-कला शाळा चालवणं बंधनकारक झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून अनेक गावांत पालिकेच्या संगीतशाळा होत्याच. तीन हजार वस्तीच्या गावातून बँड निघतो तो ढगातून पडत नाही. कुठेतरी ड्रमचा संच पडलेला लागतो, दार बंद करता येईल अशी खोली लागते आणि रात्री किल्ली देणारं माणूस लागतं. दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे तुझ्या मते रॉक पालिकेने निर्माण केला?” थोडाफार हो.

रात्री साडेअकराच्या सुमाराला बोडोची गाडी. नूर्लान मार्ग, ७२९ किलोमीटर, साधारण दहा तास. खालच्या बर्थवर दादा, वरच्या बर्थवर मी. कानात ‘द नाइटली डिसीझ’ लावला. २००१ चा हा दुसरा अल्बम. पहिल्यापेक्षा कडवट, गाण्यांचे शेवट लांबत जाणारे. पहिला अल्बम यशस्वी झाल्यावर कंपनीला साधारण कसला दुसरा अल्बम हवा असतो ते आपल्याला माहीत आहे. हा तसा नाही. ‘ब्लॅक माम्बो’ या गाण्यात बुरोस जी गिटार वाजवतो ती ऐकताना मला नेहमी वाटतं, की हा माणूस सूर लावत नाही, सुराची वाट अडवून उभा राहतो. हॉयेमला तिच्या बाजूबाजूने जावं लागतं. या बँडची सगळी मजा त्या दोघांच्या ओढाताणीत आहे. लोक आवाजाचं कौतुक करतात. आवाज आहेच तसा. पण तो आवाज एकटा असला की फार देखणा होतो आणि मग कंटाळा येतो. बुरोस त्याला देखणा होऊ देत नाही.

दिवस तिसरा : बोडो, आणि मग समुद्र

सकाळी साल्टफ्येले पठारावर गाडी उत्तर ध्रुववृत्त ओलांडते. रुळाशेजारी दगड रचलेली खूण आहे, ती खिडकीतून दिसते न दिसते तोच जाते. डब्यातल्या एका आजोबांनी पेपरातून मान वर केली नाही. आम्ही दोघांनी मात्र काचेला नाकं लावून घेतली होती.

हा रूळमार्ग बोडोपर्यंत पोचला १९६२ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युद्धकैद्यांकडून त्याचं काम करून घेतलं आणि त्यात फार माणसं मेली. पोचायला सोपा वाटावा असा हा प्रदेश कधीच नव्हता.

बोडोत चार-पाच तास होते. वारा असा, की छत्री उघडायचा विचारही कुणी करत नाही. एका छोट्या उपाहारगृहात म्योसब्रोमलेफ्से खाल्ली. ही या साल्तेन भागाचीच खासियत. मऊ पातळ लेफ्से, म्हणजे पोळीच, आत तपकिरी चीज, लोणी आणि आंबट साय यांचं गरम सारण आणि चारी बाजूंनी घडी. पुरणपोळीला कुणी खारवून पाठवलं तर ती अशी लागेल. दादाने दोन खाल्ल्या आणि नंतर बोटीवर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला.

दुपारी तीनच्या पुढे किनाऱ्याची बोट निघाली. हुर्टिग्रूटन या नावाने ही सेवा जगाला माहीत आहे, आता दोन कंपन्यांची जहाजं ती चालवतात. पर्यटक बेर्गनपासून किर्केनेसपर्यंत केबिन घेऊन जातात. पण एका बंदरापासून दुसऱ्यापर्यंतचं साधं तिकीटही मिळतं आणि गावातली माणसं तेच काढतात. आम्हीही तेच काढलं. आमच्या शेजारी एक बाई विणकाम करत होती आणि तिच्या पायाशी गाडीचा टायर होता. सुटा टायर. त्याचं काय ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

बोडो सोडल्यावर वेस्टफ्योर्डन लागतो. नावाला फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली खाडी, प्रत्यक्षात उघडा समुद्र. समोर लोफोटेन बेटांचे डोंगर एका रांगेत, भिंतीसारखे, आणि त्यांच्या मागे सूर्य केव्हाच गेलेला. हे दृश्य फार थोर आहे असं सगळे सांगतात आणि ते खरंच थोर आहे. पण मला ते पाच मिनिटं बघता आलं, कारण नंतर जहाज हलायला लागलं. आवळा सुपारीची डबी काढली. दादाने तीन खडे एकदम तोंडात टाकले आणि डोळे मिटून बसला. वहिनी शहाणी.

अंधार झाल्यावर काही बघण्यासारखं नव्हतं. ढग होते, उत्तर ध्रुवीय प्रकाशबिकाश काही दिसला नाही. ही वेळ बँडच्या मधल्या वर्षांना दिली.

२००२ चा ‘ग्रिट’ त्यांनी बर्लिनमध्ये केला. पी. जे. हार्वे या इंग्लिश गायिकेबरोबर काम केलेला हेड नावाचा निर्माता घेतला. रांगडा, सुका, गिटारी पुढे काढलेला अल्बम. पण त्यातलंच ‘मॅजेस्टी’ हे गाणं इतकं संथ आणि उघडं आहे, की त्याच्या आजूबाजूचा आरडाओरडा विसरायला होतो. त्याच सुमाराला पेटरसनने ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या आणि तो बाहेर पडला. २००५ मध्ये ‘द डीप एंड’. या वेळी लॉस एंजेलिस, निर्माता जॉर्ज ड्राकुलियास. ‘द किड्स आर ऑन हाय स्ट्रीट’ हे त्यातलं गाणं नॉर्वेत घराघरांत पोचलं. दादाने नोकरीला लागल्यावर मला पहिल्यांदा पाठवलेली सीडी हीच. चकचकीत आहे, थोडी जास्तच, पण तिच्यावर टीका करणं मला जमत नाही. त्याच वर्षी थेट मैफलींचा ‘लाइव्ह अ‍ॅट ट्राल्फामाडोर’ आला.

आणि मग २००७. पुढच्या अल्बमचं काम चालू होतं. १२ जुलैला रॉबर्ट बुरोस ओस्लोतल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडला. वय ३१. त्याचा स्वतःचा ‘माय मिडनाइट क्रीप्स’ हा दुसरा बँडही तेव्हा जोरात होता. त्याच्या मृत्यूच्या तपशिलांवर चाहते आजही बोलतात. मला त्यात रस नाही. तो काय वाजवून गेला ते सगळं ऐकायला मिळतं, तेवढं पुरे.

स्वोलव्हेर गेलं आणि जहाज राफ्तसुंदेच्या अरुंद वाटेत शिरलं. दोन्ही बाजूंना डोंगर असणार, कारण चांदण्या नव्हत्याच आणि काळोखाच्याही दोन छटा दिसत होत्या. इथे पाणी एकदम शांत. दादा उठून बसला आणि त्याने सूप मागवलं.

मध्यरात्र उलटून एकच्या पुढे स्तोकमार्कनेस आलं. उत्तरेकडे जाणारी बोट इथे याच वेळी येते, रोज, बारा महिने. बाजूचं दार उघडलं, फोर्कलिफ्ट आत गेला, दुधाचे आणि फर्निचरचे खोके लावलेल्या फळ्या घेऊन बाहेर आला. धक्क्यावर पिवळ्या जाकिटातला एक माणूस, एक कुत्रा आणि टायरवाल्या बाईला घ्यायला आलेला एक मुलगा. त्याने टायर उचलला, आईला मिठी मारायच्या आधी. आम्ही उतरलो, दार बंद झालं, जहाज गेलं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं.

दिवस चौथा : स्तोकमार्कनेस

सकाळी खिडकीतून बघितलं तर गाव अगदी साधं. एक मोठा रस्ता, सुपरमार्केट, औषधाचं दुकान, पेट्रोलपंप, शाळा, रुग्णालय, समोर बेटांना जोडणारे पूल. डोंगरांच्या माथ्यावर नवा बर्फ पडलेला, खाली पावसाची रिपरिप. उदास? मला तरी नाही वाटलं. पाऊसपाण्यात आपापल्या कामाला निघालेलं गाव. दादा म्हणाला, “थांब, डिसेंबरात ये.”

या गावाची खरी कीर्ती बँडमुळे नाही, बोटीमुळे आहे. रिकार्ड विट हा कप्तान इथला. किनाऱ्यावरून रात्रंदिवस, हिवाळ्यातसुद्धा वेळापत्रकाने बोट चालवता येईल असं त्याने म्हटलं आणि १८९३ मध्ये करूनही दाखवलं. धक्क्यालाच हुर्टिग्रूटनचं संग्रहालय आहे. तिथे १९५६ सालचं ‘फिनमार्केन’ हे अख्खं जहाज जमिनीवर काढून ठेवलेलं आहे. १९९९ मध्ये ते किनाऱ्यावर ओढलं. म्हणजे गावातली पोरं राजधानीत पहिला अल्बम काढत होती त्याच वर्षी. बरीच वर्षं ते उघड्यावर गंजत होतं. आता २०२१ पासून त्याच्याभोवती काचेची प्रचंड इमारत आहे.

आत गेल्यावर आधी जहाजाच्या पोटाखालून चालायचं. डोक्यावर रंगवलेला लोखंडी तळ, पंखा, सुकाणू. मग जिन्याने वर. दिवाणखान्यात लाकडी तक्तपोशी, गुबगुबीत खुर्च्या, खिडक्यांना पितळी कड्या. एका खुर्चीच्या हातावर कुणाच्या तरी सिगारेटने जळलेला वाटोळा डाग आहे. तो पॉलिश करताना तसाच सोडलेला दिसतो, हे मला फार आवडलं. वर्गांप्रमाणे जेवणघरं वेगळी. पुढच्या डेकवर मालाची यारी. टपाल, मासे, शाळेला निघालेली मुलं, नवऱ्या, शवपेट्या, सगळं या बोटीने जायचं.

त्या डेकवर उभं राहून मला वाटलं, की या गावाला ‘जगाच्या टोकाचं’ म्हणणाऱ्यांनी वेळापत्रक बघावं. रोज एक बोट उत्तरेला, रोज एक दक्षिणेला. जगाच्या टोकाला रोज दोन बोटी येत नाहीत. इथे वाढलेल्या मुलाला बाहेरचं जग माहीत नसतं असं नव्हे. त्याला ते रोज धक्क्याला लागताना आणि आपल्याला न घेता निघून जाताना दिसतं. या बँडच्या गाण्यांत सतत कुणीतरी निघालेलं असतं किंवा निघून गेलेलं असतं. त्याचं मूळ शोधायचंच असेल तर मी अंधारापेक्षा या धक्क्यावर शोधीन.

दादाला हे ऐकवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हेही हवामानासारखंच झालं की. तू फक्त अंधाराच्या जागी बोट ठेवलीस.”

मुद्दा बिनतोड होता. मी कॉफी आणायला गेले.

संग्रहालयाजवळच्या कॅफेत काउंटरवरच्या बाईंना दादाने नॉर्वेजियनमध्ये विचारलं, की माद्रुगादाची काही खूण, काही पाटी गावात आहे का. त्या हसल्या. “पुष्कळ लोक विचारतात. जर्मन येतात, ग्रीक येतात.” मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, की त्या स्वतः मात्र डान्सबँड ऐकतात. डान्सबँड म्हणजे जोडीने नाचायची गोड, ठेक्यातली गाणी. नॉर्वेच्या गावागावांत ती चालतात आणि शहरातले रसिक नाकं मुरडतात. “तिथे निदान नाचता येतं,” बाई म्हणाल्या. आम्हाला वाफल्सवर ज्यादा जाम मिळाला.

दुपारी बसने मेल्बूला गेलो. बेटाच्या दुसऱ्या टोकाचं गाव. तिथे नेप्तून नावाचा हेरिंग माशाच्या तेलाचा जुना कारखाना आहे, आता मत्स्योद्योगाचं संग्रहालय. आत जाता आलं नाही, बाहेरून फेरी मारली. पाण्यात उभे केलेले खांब, पत्र्याच्या शेड, तेलाच्या टाक्या, आणि कुठेही माणूस नाही. दादा माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. मला कळलं होतं तो काय म्हणणार आहे. ‘इंडस्ट्रियल सायलेन्स’ हे नाव घ्या आणि हा बंद कारखाना घ्या. त्याच अल्बमात ‘नॉर्वेजियन हॅमरवर्क्स कॉर्प’ नावाचं गाणंही आहे. आता हे सगळं याच कारखान्यावरून सुचलं असं मी कुठेही वाचलेलं नाही, म्हणून तसं म्हणणार नाही. पण तिथे उभी राहिल्यावर मी दादाशी वादही घातला नाही.

संध्याकाळी खोलीवर २००८ चा अल्बम ऐकला. नाव नुसतंच ‘माद्रुगादा’. बुरोस गेला तेव्हा हा अर्धवट होता. हॉयेम आणि याकोब्सेन या दोघांनी तो पुरा केला. मेलेल्या मित्राची गिटार ध्वनिफितीवर आहे, तिच्याभोवती बाकीचं काम करायचं, हे किती अवघड असेल. एका जागी ती संपते आणि पुढे भर घालायची की मोकळं सोडायचं हे दरवेळी ठरवायचं. त्यांनी बऱ्याच ठिकाणी मोकळं सोडलेलं आहे, निदान मला तसं ऐकू येतं. ‘व्हॉट्स ऑन युअर माइंड?’ पुष्कळांना माहीत असेल. शेवटचं गाणं ‘अवर टाइम वोन्ट लिव्ह दॅट लाँग’. ते हॉयेमने गायलेलं नाही. ते बुरोसच्या आवाजात आहे. साधा, जरा खरखरीत आवाज, गायकाचा नव्हे. इतके अल्बम ज्याने नुसती वाट अडवली तो माणूस शेवटी स्वतः बोलतो. या अल्बमनंतर दौरा झाला, नोव्हेंबरात स्पेक्ट्रुम झालं आणि बँड थांबला. थांबायलाच हवा होता.

दादाने दिवा घालवला तरी आम्ही दोघं जागे होतो.

दिवस पाचवा : सॉर्टलँड, आणि परत

सकाळच्या बसने अर्ध्या तासावर सॉर्टलँड. हॉयेमचा जन्म इथला, १९७६ चा. हे वेस्टेरोलेनमधलं मोठं गाव आणि ते निळं आहे. नव्वदीच्या अखेरीस ब्योर्न एल्वेनेस या चित्रकाराने सगळं गाव निळ्याच्या छटांत रंगवायची कल्पना मांडली आणि बऱ्याच घरमालकांनी ती मनावर घेतली. सगळ्यांनी नाही. त्यामुळे निळी बँक, निळं गोदाम, मध्येच एक हट्टी पिवळं घर. माद्रुगादाचं सुरुवातीचं गाजलेलं गाणं ‘स्ट्रेंज कलर ब्लू’. दादाने फोन काढून निळ्या भिंतीसमोर माझा फोटो काढला आणि विजयी मुद्रेने बघितलं. निळा रंग ब्लूजमध्ये आधीपासून आहे बाबा, त्याला भिंत कशाला हवी.

कुल्तूरफाब्रिकेन या इथल्या सांस्कृतिक केंद्रात ग्रंथालय आहे, सिनेमा आहे, मैफलीचं सभागृह आहे. दहा हजारांच्या आसपास वस्तीच्या पालिकेत. माझा पालिकावाला सिद्धान्त मी पुन्हा एकदा मांडला.

एव्हेनेस विमानतळाच्या बसमध्ये राहिलेली गोष्ट पुरी केली. दहा वर्षं हॉयेम एकटा गात राहिला. पाच-सहा अल्बम केले, २०१३ मध्ये सॅटिरिकॉन या ब्लॅक मेटल बँडच्या ‘फीनिक्स’ या गाण्यात गायला. मग माद्रुगादा पुन्हा एकत्र आले आणि २०१९ चा दौरा ‘इंडस्ट्रियल सायलेन्स’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत केला. पेटरसन ड्रमवर परतला. बुरोसच्या जागी एक नव्हे, दोन गिटारवाले घेतले, कातो थोमासेन आणि क्रिस्टर क्नुत्सेन. एकाने ती जागा भरायचा प्रयत्नच केला नाही, हे मला योग्य वाटतं. २०२२ मध्ये ‘चाइम्स अ‍ॅट मिडनाइट’ आला. गाणी उत्तम बांधलेली आहेत, ‘नोबडी लव्ज यू लाइक आय डू’ मी कितीदा ऐकलंय. पण सगळं फार नीटनेटकं. आवाज देखणा झालाय आणि त्याला अडवणारं कुणी नाही. दादाला हाच अल्बम सगळ्यांत जास्त आवडतो, यावर काय बोलणार.

बोलायचं एकच राहिलं होतं आणि ते मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. या बँडवर नॉर्वेबाहेर सर्वांत जास्त जीव कुणाचा आहे? ग्रीकांचा. हॉयेमचा एकट्याचा थेट मैफलीचा अल्बम आहे तो अथेन्सचा, अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याच्या हेरोडेस अ‍ॅटिकसच्या प्राचीन नाट्यगृहातला. संगमरवर, उन्हाने तापलेल्या पायऱ्या, उन्हाळी रात्र, आणि हजारो लोक या ‘उत्तरेच्या अंधाराच्या’ बँडची गाणी तोंडपाठ म्हणणारे.

“त्यांना कुठला रे ध्रुवीय हिवाळा?”

दादाने विचार केला. बस एका फ्योर्डला वळसा घालत होती, बराच मोठा वळसा. “ग्रीकांना आर्थिक संकट होतं,” तो म्हणाला.

“ते नंतर आलं. यांना ते आधीपासून ऐकतात.”

“मग तिकडे जाऊनच विचारायला हवं.” आणि त्याने खरोखरच फोन काढून अथेन्सची तिकिटं बघायला सुरुवात केली, वहिनीला न विचारता.